लेडी बाउन्सर पाहिजे

माझं लग्न जमवताना घरच्यांनी माझी उंची दोन इंच कमी सांगितली होती. खरी सांगितली की स्थळं चहा पिऊन परत जायची. पुढे बाळंतपणात वजन वाढलं ते उतरलंच नाही, आणि सासरच्या प्रत्येक लग्नात कुणीतरी मला बाजूला घेऊन सकाळी गरम पाण्यात लिंबू पिळून घ्यायला सांगायचं. त्यामुळे भोसरीच्या सिक्युरिटी एजन्सीतल्या माणसाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून "एकदम बेस्ट" म्हटलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

जागा पिंपळे सौदागरच्या एका पबमध्ये होती, लेडी बाउन्सरची. शिक्षण दहावी पास. शिवाय डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट आणि पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला. दाखला कशासाठी पाहिजे, असं चौकीतल्या माणसाने विचारलं. पबमध्ये काम करायचंय, असं मी सांगितलं. त्याने अर्जावरचं माझं वय पुन्हा एकदा वाचलं आणि पुढचा कागद मागितला.

त्याआधी बरीच वर्षं मी चाकणच्या एका कंपनीत गेटवर होते. कामावर येणाऱ्या बायकांची झडती घ्यायची, एवढंच काम. पण मी पडले बोलघेवडी. झडती घेता घेता कुणाचं बाळ रांगायला लागलं, कुणाच्या सासूला शुगर निघाली, सगळं मला कळायचं. मग गेटचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीला गेलं. त्यांना पस्तिशीच्या आतल्याच बायका हव्या होत्या. कुरुळीतल्या आमच्या दोन खोल्यांत मी घरी बसले आणि बसून बसून इतकी कटकटी झाले, की नवरा सुटीच्या दिवशीही ओव्हरटाइम मागून घ्यायला लागला. चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरं कुठलंही गेट घेत नव्हतं. ही नोकरी मला काहीही करून टिकवायची होती. घरी बसण्याची मला भीती वाटायची, दुसरं काही नाही.

नवरा एवढंच म्हणाला, "लोकांना हॉटेल लाइन म्हणून सांग." त्याचं मला पटलं. आमची मुलगी कॉलेज संपवून नुकतीच हिंजवडीच्या एका कंपनीत लागली होती. मी पहिल्यांदा काळा सफारी घातला त्या दिवशी तिने माझा फोटो काढला आणि स्टेटसला टाकायला निघाली. मी फोन हिसकावून घेतला आणि फोटो पुसून टाकला.

"कुणाला सांगायचं नाही," मी म्हणाले.

"का पण?"

"नाही म्हणजे नाही."

ट्रायल एक महिन्याची होती. शिकवायला सुपरवायझर होता, मावळातला, जुना पैलवान, दोन्ही कान चेंबलेले. वयाने माझ्याहून लहान. मला ताई म्हणायचा आणि ताईवर जेवढं ओरडता येतं तेवढं ओरडायचा.

"ताई, हसायचं न्हाई."

"हसत नाहीये मी. माझं तोंडच असं आहे."

"मग त्वांड बदला."

बाकीचं ट्रेनिंग त्या मानाने सोपं होतं. भिंतीला टेकायचं नाही. हात पुढे बांधून उभं राहायचं. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघायचं, म्हणजे आपल्या कपाळावर काहीतरी आहे असं वाटून तो गप्प होतो. दोघं भांडत असतील तर कमी प्यायलेल्याला आधी उचलायचं, कारण आपल्याला उचललंय हे त्याला कळतं. पिऊन पडलेल्या मुलीला कसं उभं करायचं ते शिकवताना सुपरवायझर स्वतः जमिनीवर पडला आणि मला म्हणाला, "उचला." मी उचलला. त्यानंतर त्याचा आवाज माझ्यापुरता थोडा खाली आला.

चुका माझ्या वेगळ्याच होत्या. पहिल्याच दिवशी दारात चार मुली आल्या, तर मी त्यांचे फोन मागून घेतले आणि कॅमेऱ्यांवर चिकटपट्टी लावून परत दिले. चाकणला कंपनीत शिरणाऱ्या प्रत्येक फोनला ती लागते. हात सवयीने गेला, आणि पट्टीचं भेंडोळं पर्समध्ये होतंच. पबमध्ये माणसं मुळात फोटो काढायलाच येतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी चूक मोठी होती. आमच्या जुन्या कंपनीतले एक साहेब दारात दिसले. इतक्या दिवसांनी ओळखीचं माणूस बघून मला कोण आनंद झाला! मी म्हणाले, "नमस्कार साहेब! वहिनींना आज पहिल्यांदाच बघतेय." शेजारी उभ्या असलेल्या बाई वहिनी नव्हत्या. साहेबांनी मला कधी पाहिलंच नसल्यासारखं केलं आणि दोघंही दारातूनच परत गेले. नंतर त्यांचा पबच्या मालकाला फोन आला.

सुपरवायझर त्या दिवशी ओरडला नाही. मला बाजूला घेऊन खुर्ची दिली. तेव्हाच मी समजले की प्रकरण गंभीर आहे.

"ताई, हितं कुणी कुणाला वळखत न्हाई. माणूस दोन घटका घर इसरायला येतो. त्याला आपन घर दावायचं न्हाई. उद्या देव जरी दारात हुबा ऱ्हायला, तरी आयडी मागायचं."

"चुकलं माझं."

"ही शेवटची. आता काय झालं तर मालक ऐकायचा न्हाई. घरी बसावं लागंल."

तेव्हापासून मी तोंडाची प्रॅक्टिस सुरू केली. कुरुळीहून नाशिक फाट्यापर्यंत बसमध्ये आणि पुढे शेअर रिक्षात मी पबच्या दारातलं तोंड करून बसायचे. शेजारची सीट रिकामी राहायला लागली. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली. आमच्या मजल्यावरच्या एका बाईने घरात काही दुःखाचं झालं का म्हणून चौकशी केली. प्रगती होत होती.

ट्रायलच्या शेवटच्या आठवड्यातला रविवार. माझी दिवसाची पाळी होती. मी निघाले तेव्हा मुलगी आरशासमोर होती.

"मीपण जाणारे दुपारी, मैत्रिणीचा वाढदिवस आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"बघू."

रविवारी दुपारी पबला कुटुंबांची आणि वाढदिवसांची गर्दी असते. दोनच्या सुमाराला दारात मुलींचा घोळका आला. मी पर्स बघायला सुरुवात केली. एक झाली, दुसरी झाली. तिसरी पर्स ओळखीची होती. वर बघितलं तर आमची मुलगी. कानात माझे डूल घातले होते तिने. फार छान दिसत होती.

सुपरवायझर माझ्या मागेच उभा होता.

मी तिच्या कपाळाकडे बघितलं.

"मॅम, आयडी."

तिने आधी मैत्रिणींकडे वळून पाहिलं. मग तिने लायसन्स काढून दिलं. त्यावरचा फोटो काढायला जाताना मीच तिची वेणी घातली होती. जन्मतारीख वाचली. ज्या दिवशी मी तिला जन्म दिला तीच ती तारीख, पण नियमाप्रमाणे वाचली. पर्समध्ये रुमाल, कंगवा आणि गुंडाळलेली भेटवस्तू होती. मी पर्स परत दिली, मनगटाला पबची कागदी पट्टी बांधली आणि म्हणाले, "थँक यू मॅम, आत जा." तिच्या मागच्या मुली एकमेकींना कोपरं मारत खुदुखुदु हसायला लागल्या. मला वाटलं, माझ्या सफारीला हसतायत. राग आला. आपली पोर काही बोलली नाही याचं बरंही वाटलं आणि वाईटही वाटलं. कुणाला सांगायचं नाही, असं मीच बजावलं होतं. पोरीने आईचं ऐकलं, एवढंच. आत जाऊन ती काय पिणार याचा विचार मात्र मी दोन-तीनदा केला. तो तोंडावर दिसला नसावा.

कारण घोळका आत गेल्यावर सुपरवायझर पुढे आला. त्या चेंबलेल्या कानांच्या माणसाला मी पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"बास! ह्येच पायजे व्हतं, ताई. पोरी तोंडावर हसल्या, पर तुमची एक नस हालली न्हाई. मी सांगतो मालकाला. तुमी पक्क्या."

मला रडायला येत होतं, पण पक्की झाल्याबरोबर रडणं बरं दिसलं नसतं. मी "थँक यू सर" म्हणाले. पाळी संपली तशी नाशिक फाट्यावर उतरून पेढे घेतले आणि भरलेल्या बसमध्ये डबा पोटाशी धरून घरी आले. येताना तोंडाची प्रॅक्टिस केली नाही. सगळ्या बसला कळलं असेल की या बाईचं काहीतरी चांगलं झालंय.

मुलगी माझ्याआधी घरी पोचली होती. भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी डबा उघडून तिच्यासमोर धरला.

"घे. पर्मनंट झाले मी."

तिने पेढा घेतला नाही.

"सगळ्या दुसरीकडे जाणार होत्या," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. "मी हट्टाने तुझ्याकडे आणलं. रस्ताभर सांगत होते त्यांना, दारावर माझी आई असते, बघाच तुम्ही."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू आयडी मागितलंस." आता ती माझ्याकडे वळली. "म्हणून हसत होत्या त्या. तुला नाही, मला. म्हणाल्या, थापा मारतेस. जेवून निघेपर्यंत कुणाला खरं वाटलं नाही."

डबा माझ्या हातातच होता.

"अगं, मी ड्यूटीवर होते."

"मी नव्हते," ती म्हणाली.