महादूची डिस्क

परवा साताऱ्यात भंगारवाल्याच्या ढिगात ताटाएवढी तपकिरी चकती दिसली आणि मी थेट पुण्याच्या त्या थंडगार कंप्युटरच्या खोलीत जाऊन पोचलो. गोष्ट सत्तरच्या दशकातली. एकच अवाढव्य यंत्र, पण त्यात आम्हा दोघांना एकेक व्हर्च्युअल मशीन दिलेलं. ज्याला त्याला वाटावं, अख्खा कंप्युटर आपलाच. फाइली ठेवायला प्रत्येकाची वेगळी डिस्क, तसल्याच चकत्यांची. मी कोरेगावचा, महादू विट्याचा. दुपारपर्यंत ज्याचा प्रोग्राम आधी संपेल, त्याला साहेब मुंबईला ट्रेनिंगला धाडणार होते. महादूचा सुसाट, माझा रखडलेला.

त्याची डिस्कच चलाख असणार, असं मी ठरवून टाकलं आणि तो चहाला गेल्यावर माझ्या फाइली गुपचूप तिच्यावर नेऊन ठेवल्या.

ती डिस्क मोकळी होती म्हणून तर त्याचा प्रोग्राम पळत होता. आता तिचा फाइली वाचणारा एकुलता दांडा एकदा त्याच्या फाइलींकडे धावे, एकदा माझ्या फाइलींकडे. डिस्कचं कपाट धडधडू लागलं.

महादू परतला. कपाटावर हात ठेवून म्हणाला, “गड्या, माज्या डिस्कवर कोन बसलंय रं? लय हेलपाटं घालाय लागलीया.”

“मला काय म्हाईत?”

“तुजं कसं चाललंय?”

“झ्याक.”

दुपार झाली तरी कुणाचंच संपलं नाही. ट्रेनिंगला साहेब स्वतःच गेले. आज लाज वाटते ती वेगळीच. माझा प्रोग्राम आधीपेक्षाही मंद झाला होता, पण तासभर मी तिकडे पाहिलंच नाही. महादूचं रखडणं बघत बसलो होतो, आणि उभ्या नोकरीत माझा इतका छान तास दुसरा गेला नाही.