वरच्या पट्ट्यातले खड्डे

घाटंजीपासून दोन कोसांवर बोरदऱ्याचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी लमाणांचा तांडा. हंसाबाई त्याच तांड्यातली. सासऱ्याच्या काळापर्यंत घरचे बैल मिठाच्या गोण्या वाहत गावोगाव फिरले. पुढं ते बंद झालं. नवरा हरिसिंग दम्यानं खाटेवर. १९५८ साली डोंगरावर जंगल खात्याची सागाची लागवड निघाली, तेव्हा पंचेचाळिशीची हंसाबाई सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन मजुरीला लागली. उन्हाळाभर खड्डे खणायचे, पावसाळ्यात रोपं लावायची. प्रत्येक खड्डा हातभर लांब, हातभर रुंद, हातभर खोल.

तिसऱ्या वर्षी तिची मूठ सकाळी नीट मिटेना. गरम पाण्यात बोटं बुडवून ती आधी मोकळी करायची आणि मग भाकऱ्या थापायची. डोंगर मात्र तिला आता डोळे मिटून कळत होता. पायथ्याला सब्बल आवाज न करता रुतायची, मग ती ओढून काढायला जीव लागायचा. वर्षानुवर्षं वरून वाहून आलेली काळी, चिकट माती होती ती. मधल्या उतारावर सब्बल खर्र करत आत जायची. तिथला खडक कुजून त्याचा पिवळट मुरूम झाला होता. आणि अगदी वर, डोंगराच्या सपाट पायरीवर, वीतभर तांबड्या मातीखाली ती ठणकन आदळायची. कळ थेट खांद्यात जायची. खालचा काळा पत्थर अखंड होता, आणि त्याच्यावर माती तयार होई तेवढी पावसानं खाली जाई.

१९६१च्या वैशाखात मुकादम मारोतराव तांड्यात आला. वरच्या पट्ट्यातली रोपं वाळली होती, पायथ्याची पिवळी पडली होती.

"हंसाबाई, तुह्या टोळीनं खड्डे उथळ खणले. साहेबाले तसंच सांगतलं मी. आता परत खणा. याची मजुरी भेटणार नाही."

"मुद्दाम उथळ नाही खणले, मारोतराव. वर खोल जायले जागाच नाही."

"ते मले कायले सांगतं? साहेबाले सांग."

साहेब यायला पंधरा दिवस होते. नाही म्हणावं तर पुढचं काम जाणार, म्हणून पाच बाया पुन्हा वर चढल्या. पत्थर फुटत नव्हता, नुसत्या ठिकऱ्या उडत होत्या. पाणी पायथ्याच्या नाल्यात. एक घागर वर येईपर्यंत अर्धी व्हायची. दुसऱ्याच दिवशी हंसाबाईची जाऊ रुपीबाई सब्बल टाकून खाली बसली आणि रडायला लागली. हंसाबाईनं तिला उठ म्हटलं नाही. ती शेजारी बसली. बऱ्याच वेळानं दोघी उठल्या.

साहेब आला. पोरसवदा होता, जीप पायथ्याशी लावून तिथूनच हाका मारत होता. हंसाबाई खाली गेली नाही. एकदा उतरली असती तर पुन्हा चढणं तिच्यानं झालं नसतं.

"साहेब, तुमीच वर या!" ती ओरडली.

मारोतराव खवळला, पण साहेब धापा टाकत चढला. हंसाबाईनं सब्बल त्याच्या हातात दिली.

"मारा अथी."

त्यानं मारली. ठिणगी उडाली. मनगट चोळत त्यानं आणखी दोन जागी मारून पाहिली. मग ती त्याला मधल्या उतारावर घेऊन गेली. तिथला साग त्याच्या छातीला लागत होता.

"हे खड्डेबी आमीच खणले, साहेब. त्याच सालात."

"मग पायथ्याला काय झालं? तिथं तर माती भरपूर आहे."

सगळे खाली उतरल्यावर हंसाबाईनं पायथ्याचं एक पिवळं रोप उपटून त्याच्यापुढं धरलं. मूळ काळं पडून सडलं होतं. "माती हाय, पण पाणी निघून जात नाही."

"मग वर काय लावायचं?"

"वर आधीच काय उभं हाय ते पाहा ना." तिनं बोट केलं. खडकाच्या भेगांतून सालईची झाडं वर आली होती. "सालईची फांदी खोचा. तिले भेग भेटली की पुरे."

साहेबानं वरच्या सालईकडे पाहिलं. मग मारोतरावाला म्हणाला, "या बायकांची ह्या पंधरा दिवसांची मजुरी लावा." मारोतरावानं वही काढून नावं लिहिली. रुपीबाई हसली. हंसाबाई तिथंच दगडाला टेकून झोपी गेली.

पुढच्या वर्षी वर सालईच्या फांद्या खोचल्या. तिसरा हिस्सा जगला. साग मधल्याच उतारावर राहिला आणि जोमानं वाढला. त्या साहेबाची बदली झाली. १९६४ साली हरिसिंग गेला. त्याच हिवाळ्यात हंसाबाईचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला आणि तिची मजुरी सुटली.

दोन वर्षांनी मारोतराव पुन्हा दारात आला. नाल्यापलीकडच्या डोंगरावर काम निघालं होतं आणि नवा साहेब माथ्यापासून पायथ्यापर्यंत साग म्हणत होता. "तू चाल. माह्यं ऐकून नाही राह्यला तो."

ती गेली. अर्ध्या चढावर बसून दुपारपर्यंत वाट पाहिली. साहेबाची गाडी आली नाही.

"उद्या ये," मारोतराव म्हणाला.

"उद्या रुपीले धाडते. माह्यानं होत नाही आता."

घरी पोहोचेपर्यंत ती दोनदा बसली. दुसऱ्या दिवशी रुपीबाईची साहेबाशी गाठ पडली, आणि त्याही डोंगरावर साग फक्त मधल्या उतारावर लागला. हंसाबाईला हे चार दिवसांनी कळलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.