नदीपलीकडचे पिवळे लार्च

त्या काळी आमची कंपनी उत्तर सिक्कीममध्ये एका उंच पोस्टवर होती. मी हुद्द्याने नाईक, कंपनीचा रेडिओ सेट माझ्याकडे. त्याच पोस्टवर दुसरा नाईक होता दत्ता निकम. मी बडोद्याचा, तो डभोईचा. भरती एकाच दिवशी, ट्रेनिंग एकाच बरॅकमध्ये. त्यामुळे आमची तुलना सगळे करायचे, आणि सगळ्यात जास्त मी करायचो.

निकम फायरिंगमध्ये पुढे. चढावर त्याला धाप लागत नसे. लंगरमध्ये, म्हणजे आमच्या जेवणघरात, तो बोलायला लागला की लोक चहा तसाच ठेवून ऐकत. मी सेट चांगला चालवायचो. पण सेट चांगला चालला तर कुणाच्या लक्षात येत नाही.

पोस्टसमोर खाली नदी होती आणि नदीपलीकडे उतार. उन्हाळा-पावसाळा तो उतार हिरवा दिसे. ऑक्टोबर सरत आला की मधला एक पट्टा पिवळाधमक व्हायचा. सुभेदारसाहेब म्हणाले, ते लार्च. देवदारासारखंच सुईसारख्या पानांचं झाड, पण थंडीआधी याच्या सुया पिवळ्या होऊन गळतात. सलग दोन वर्षं ऑक्टोबरमध्ये मी तो पट्टा दुर्बिणीतून बघितला होता. तिसऱ्या वर्षी कंपनी कमांडर मेजरसाहेबांना म्हणालो, "साहेब, तिथपर्यंत एक ट्रेक काढू या. जवानांचं ट्रेनिंगही होईल."

"प्लॅन बनवून आण," ते म्हणाले.

मी बनवला. पूल कुठे ओलांडायचा, पाणी कुठे मिळेल, मुक्काम कुठे, सेटवर कधी बोलायचं, सगळं. नकाशावरची वाट मला पाठ झाली. मेजरसाहेबांनी प्लॅन पाहिला आणि जसाच्या तसा मंजूर केला. मग म्हणाले, "पार्टी निकम नेईल. तू इथं कंट्रोलवर. सेटवर तुझ्यासारखा दुसरा माणूस नाही माझ्याकडे."

"जी साहेब," मी म्हणालो.

बरॅकमध्ये निकम बूट घासत बसला होता. त्याने वर पाहिलं.

"रागावलास?"

"नाही."

"साळव्या, मी मागितलं नव्हतं."

ते मला माहीत होतं. म्हणून तर जास्त लागलं. जे मी मागत होतो ते त्याला न मागता मिळत होतं.

सकाळी पार्टी निघाली. दुपारी सेट बोलला.

"कंट्रोल, निकम. लार्चमध्ये पोचलो. सगळे ठीक. ओव्हर."

"रॉजर. कसं दिसतंय? ओव्हर."

सेटवर नुसती खरखर आली. मग तो म्हणाला, "सांगता येत नाही रे. ओव्हर."

त्याच्या आवाजात हसू होतं. मागे जवान आरडाओरडा करत होते, कुणीतरी फोटो काढ म्हणत होतं. मी लॉगमध्ये 'सर्व ठीक' लिहिलं. त्या वेळी मला निकमचा जितका हेवा वाटला तितका कधीच कुणाचा वाटला नव्हता. 

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडायला लागलं. त्या महिन्यात एवढं पडत नसे. पार्टी परत निघाली होती. लार्चच्या पट्ट्याच्या कडेने एक नाला उतरतो, तो ओलांडताना शिपाई कदम घसरला आणि खालच्या कपारीत जाऊन पडला. पाय मोडला. निकमने सेटवर एवढंच सांगितलं, "कदम खाली गेलाय. जिवंत आहे. मी दोर घेऊन उतरतोय. आउट."

पुढचा कॉल आला तेव्हा आवाज निकमचा नव्हता.

"कंट्रोल, कदमला वर घेतला. निकम वर येताना दगड आले. निकम खाली पडलेत. ओव्हर."

"हालचाल? ओव्हर."

"नाही. ओव्हर."

मेजरसाहेब माझ्या मागेच उभे होते. म्हणाले, "वाट तुला पाठ आहे. रेस्क्यू पार्टी तू ने. सेट मी बघतो."

अंधार पडायच्या आत पुलावर पोचलो. उजाडताच चढलो. बर्फ थांबलं होतं. शेवटच्या चढावर ऊन आलं आणि आम्ही लार्चमध्ये शिरलो. खाली पांढरं, वर निळं, मध्ये ती झाडं. मी ती पाहिली ती अशी. थांबलो नाही.

कदमला झाडाखाली ठेवलं होतं. तो शुद्धीत होता, माझ्याकडे बघत नव्हता. निकमला आम्ही कपारीच्या खालून बाहेर काढलं. स्ट्रेचरवर बांधून त्याच झाडांतून उतरवलं. वारा सुटला की सुया ब्लँकेटवर पडत. कुणी झटकल्या नाहीत.

शवपेटीबरोबर डभोईला मी गेलो. त्याचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी विचारलं, "जागा कशी होती?"

"चांगली होती, बाबा," मी म्हणालो. त्याच्यासारखं मलाही सांगता आलं नाही.

आता मी निवृत्त होऊन बडोद्यात कारेलीबागेत राहतो. आमच्या सोसायटीतले मंदार आणि ऋचा यंदा ग्रुप घेऊन तिकडे निघालेत. मंदार रिफायनरीत इंजिनिअर आहे. गरबा संपला की बागडोगऱ्याचं विमान, पुढे गाडी, परमिट एजंट काढून देणार. परवा दोघं नकाशा घेऊन घरी आले.

"काका, हे लार्च नक्की कधी पिवळे होतात? तारखा चुकल्या तर सगळी ट्रिप वाया जाईल."

मी तारखा सांगितल्या. पूल दाखवला, नाला दाखवला, इथून ओलांडू नका म्हणालो. ऋचा मोबाइलवर दुसऱ्या कुणाचे फोटो दाखवत होती. "जोरदार छे ने, काका?" घरातल्या मराठीत तिचं गुजराती असंच मिसळतं. मी हो म्हणालो. पण आतून जळत होतो. ही मुलं तिथं जाणार, झाडं बघणार, डबा खाणार आणि परत येणार. बस, एवढंच. तेवढंच तर मला हवं होतं.

ते गेल्यावर बायको म्हणाली, "त्यांच्याबरोबर जा ना. मीही येते."

 रात्रीपर्यंत तिने मंदारला दोन नावं वाढवायला सांगून टाकलं होतं. मी अडवलं नाही.

काल कदमचा फोन आला. तो साताऱ्याकडे असतो, शेती करतो, जरा लंगडतो. आम्ही जाणार हे मी त्याला सांगितलं. मग त्याने मला आजवर न सांगितलेलं सांगितलं. दोराला बांधून त्याला वर ओढलं तेव्हा निकम खाली एकटाच होता. दगड घरंगळायला लागले होते, ते त्याला ऐकू येत होते. त्याने वर तोंड करून एकच विचारलं, "कदम पोचला का?"

वरून सगळे ओरडले, "पोचला!"

"मग ठीक," निकम म्हणाला.