मुक्ताबाईंची पळी

आमच्या शेजारच्या कुमुदताई सबनीस सत्तरच्या दशकात सोलापुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात आहारतज्ज्ञ होत्या. अकलूजकडचे कोंडीबा घशाच्या कॅन्सरसाठी तिथे दाखल होते. नाकातल्या नळीतून त्यांना पातळ आहार द्यायचा होता, पण वजन घटतच होतं. आणखी घटलं असतं तर डॉक्टर किरणांचा शेक थांबवणार होते.

एके सकाळी मोरीला दुधाचा वास आला. कुमुदताईंनी कोंडीबांच्या बायकोला, मुक्ताबाईंना विचारलं, "आहार मोरीत ओतून टाकता का?"

"व्हय. आमी माळकरी. तुमच्या सैपाकघरात अंड्याची टरफलं बगितली मी."

"ती दुसऱ्या रुग्णाची. यांच्या दुधात अंडं नसतं."

"आन् चमचा?"

"चमचा एकच. धुऊन घेतो."

मुक्ताबाई म्हणाल्या, "हे मातर खरं बोललात बाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचं पातेलं आणि पळी आणली. कुमुदताई सांगत गेल्या तसं त्या स्टोव्हवर मुगाचं कढण ढवळू लागल्या. मध्येच हात थांबला.

"तुमी अंडं खाता?"

"खाते."

"मग जरा लांब हुबं ऱ्हावा."

शेक संपेपर्यंत कुमुदताई रोज दाराशी उभं राहूनच सांगत. कोंडीबांचं वजन मात्र पुन्हा घटलं नाही.