बिबडे, पेट्रोल आणि धानोऱ्याची बहीण

परवा धानोऱ्याला जाऊन आले. यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल... आमच्या गाडीला विचारा मग.

मी सांगतेय आणि नात टाइप करतेय. मध्येच हसत बसते, त्यामुळे काही राहून गेलं तर बोल तिला लावा, मला नाही.

धानोऱ्याला माझी थोरली बहीण, जिजी. तिच्या मुलाने तिला कायमची सुरतेला न्यायचं ठरवलं, बुधवारी सकाळी निघायचं होतं. आम्ही दोघी ऐंशीच्या घरातल्या, आणि जिजीला फोनवर काही ऐकू येत नाही. म्हणजे समोर बसून बोलले तरच बोलणं... नाहीतर संपलंच.

एसटीची पायरी माझे गुडघे चढत नाहीत, जीपचीही नाही. लग्नसराईत भाड्याच्या गाड्या सगळ्या वरातीत. राहिली आमची जुनी पांढरी गाडी, नातीपेक्षा वयाने मोठी. पण सीट खाली आहे... आधी टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. माझ्यासाठीच बनवल्यासारखी.

पण महिनाभर तिची एक खोड. निघाली की छान निघायची, थोडं अंतर गेलं की आचके देऊन बंद. चहा पिऊन यावं इतका वेळ थांबलं की पुन्हा सुरू... मागच्या आठवड्यात जिजीकडेच निघालो होतो. तापीचा पूल ओलांडला आणि बसली रस्त्यात. मेकॅनिककडे नेली तर तिथे शहाण्यासारखी गुरगुरत उभी.

माझा मुलगा भास्कर, नोकरीतून रिटायर झालेला, त्याचं एकच पालुपद. "माय, आते इकी टाकूत हाई गाडी." विकून टाकू म्हणे. मी म्हटलं, मी पण जुनी झालेय, माझा भाव काय येतो तेही विचारून ये.

सून रेखाने मात्र पदर खोचला आणि बॉनेट उघडलं. माहेरी शेतावरच्या मोटारी खोलायची, आणि आता मोबाइलवर व्हिडिओ बघून गाडीत हात घालते. प्लग काढून घासले, हवेचा फिल्टर झटकला, कार्बोरेटर धुतला. गाडी तशीच...

मंगळवारी दुपारी ती शेतरस्त्याने चकरा मारत राहिली, मुद्दाम, बंद पडेपर्यंत. पडली ती नेमकी दारासमोर. मी अंगणात खाटेवर वाळत घातलेले बिबडे, आमचे ज्वारीचे पापड हो, उलटत होते.

रेखाने मला ओरडून हाक मारली, "आत्या, हाई देखा!" इंजिनाजवळ पेट्रोलचा छोटा पारदर्शक फिल्टर असतो, तो कोरडा ठणठणीत. आणि टाकी तर अर्धी भरलेली.

मग तिने टाकीकडून येणारी नळी पंपापासून काढली. दुसरी नळी जोडून तिचं टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवलं. चावी फिरवली... एका दमात गाडी सुरू! म्हणजे पंप ठीक, इंजिन ठीक. बाटलीतून पिते आणि टाकीतून पीत नाही, इतकंच काय ते दुखणं.

रेखा मागे गेली, टाकीचं झाकण फिरवलं. आत दुसरं झाकण! टाकीच्या तोंडावर प्लास्टिक, त्यावर कापड, वरून सुतळीने करकचून आवळलेलं. आणि ते सगळं आत ओढलं गेलेलं... दात नसताना मी चहाचा घोट घेते तेव्हा माझे गाल जातात, अगदी तसं. तिने सुतळी कापली आणि फस्स करून हवा आत गेली.

हवाच आत जात नव्हती, तर पेट्रोल बाहेर येणार कसं?

मी ती गाठ बघितली आणि ओळखली. लोणच्याच्या बरणीला मी दादरा बांधते, तीच गाठ. आमच्या घरात ती फक्त दोघांना येते. एक मी, आणि दुसरा लहानपणी माझ्या मांडीला टेकून बरण्या बांधायला बसणारा.

"भास्कर, हाऊ कोन्हा पराक्रम शे?"

भास्करच्या हातात चहाचा कप तसाच. "माय, तूच तं बोंबलत व्हती ना... बिबडास्ले पेट्रोलना वास येस म्हनीसन!"

महिन्यापूर्वी मी ओरडले होते खरी, गाडी बिबड्यांच्या खाटेशेजारीच उभी असते ना. पेट्रोल भरायचं काम त्याचंच. दरवेळी भरून झालं की घरी येऊन इमानदारीने दादरा बांधायचा. रेखा हसत हसत खालीच बसली... आणि मी रागवायचं ठरवलं होतं, पण पोराने गाठ सुंदर मारली होती हो.

संध्याकाळी धानोऱ्यात होतो. वाटेत एक आचका नाही.

जिजी ओट्यावर बसली होती. "उनी का वं?" आलीस का गं, एवढंच म्हणाली, आणि मग आम्ही दोघींनी सगळ्या मेलेल्या-जित्या माणसांची नावं घेऊन पोटभर निंदा केली. तिच्या कानाशी ओरडून माझा घसा बसला... तो अजून बसलेलाच आहे, बसू दे.

निघताना जिजीने रेखाची ओटी भरली. ओटी घेताना रेखा हात पदरात लपवायला लागली, नखं ऑइलने काळी होती ना. जिजीने ते हात बाहेर ओढले, दोन्ही हातांत धरले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे. ह्या हातस्नीच मन्ही बहीण आनी."

मी सुनेला आजवर हजार टोमणे मारले, पुढेही मारीन. पण या हातांनीच बहीण आणली, हे वाक्य आधी माझ्या तोंडून यायला हवं होतं... म्हणून आज इथे सगळ्यांसमोर सांगते, रेखा, तू मला माझ्या बहिणीकडे नेलंस.

आम्ही नेलेली बिबड्यांची पिशवी जिजीबरोबर सुरतेला गेली. काल तिच्या मुलाचा फोन आला. आई विचारतेय, बिबड्यांना पेट्रोलचा वास कसा काय येतो?

त्याला म्हटलं, तिला कानात सांग... गाडी आता नीट श्वास घेते, म्हणून.