तिसरा पट्टा

सोल्डरबाईंना जळालेला पार्ट वासावरून कळायचा. कुणी बिघडलेला रेडिओ आणला की त्या झाकण उघडून आधी नाक आत घालायच्या. "ट्रान्सफॉर्मर गेलाय. आता बघायला घ्या," म्हणायच्या. अंबरनाथच्या एका स्टॅबिलायझरच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं सोल्डरिंग केलं. कारखाना बंद पडला, नाव तेवढं त्यांना चिकटून राहिलं.

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास दर रविवारी सकाळी त्या आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. आम्ही सात-आठ जण, सगळे बायकापोरांचे, आठवडाभर पिळून निघालेले. मी कारकून. सहा दिवस दुसऱ्यांचे कागद पुढे सरकवून इतका कंटाळलो होतो, की एक तरी वस्तू आपल्या हातानं चालू व्हावी एवढीच हौस उरली होती. माझा पहिला एलईडी लागला तेव्हा मी, चौतीस वर्षांच्या बाप्यानं, टाळ्या पिटल्या. बाई म्हणाल्या, "बस खाली. परत लागला तर नाच."

त्यांचा नियम एकच. रेझिस्टर जोडण्याआधी त्याच्यावरचे रंगीत पट्टे मोठ्यानं वाचायचे. पहिले दोन पट्टे म्हणजे आकडे, तिसरा म्हणजे पुढची शून्यं. त्यावरून तो वीज किती अडवणार ते कळतं. "लाल, लाल, तपकिरी," आम्ही बालवाडीतल्यासारखे ओरडायचो. बाई रेझिस्टर चिमटीत फिरवून "बरोबर, जोड" म्हणायच्या. मीटरचा काटाही त्या आम्हालाच वाचायला लावत. शिकवायची पद्धत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

सामान आम्ही उल्हासनगर कॅम्प एकमधून आणायचो. तिथला सिंधी दुकानदार मूठभर रेझिस्टर कागदात बांधून द्यायचा. "मिक्स पुडी ले जाओ साईं, सब चलता है." बाईंना ती पुडी बघूनच राग यायचा. "सब चलता है म्हणतो ना, त्याच्याकडून फक्त वायर घ्यायची," त्या म्हणायच्या. तरी मी पुडीच आणायचो, कारण निवडत उभं राहायचंही जिवावर यायचं.

अशाच एका रविवारी डोळे मिटत होते. पुडीतला एक रेझिस्टर उचलला आणि नीट न बघताच म्हणालो, "नारंगी, नारंगी, तपकिरी." बाईंनी तो चिमटीत फिरवला. "बरोबर, जोड."

एलईडी एकदा लख्ख पेटला आणि गेला. बाईंनी वास घेतला.

"तिसरा पट्टा कुठला?"

मी आता बघितलं. "काळा."

म्हणजे एक शून्य कमी. तीनशेतीसच्या जागी तेहतीस. मी उगाच हसून म्हणालो, "पण बाई, तुम्ही तर बघितला होतात."

मग त्या शांतपणे म्हणाल्या, "काचबिंदू आहे मला. दीड वर्ष झालं, रंग कळत नाहीत. तुम्ही वाचता म्हणून मी शिकवते. तू न बघता वाचलंस, तर मग आपण दोघंही आंधळे."

"सॉरी बाई. एक एलईडीच गेला ना..."

"आज बॅटरी होती. पुढच्या महिन्यात घरच्या लाइटवर येणार होतो आपण. तिथं एलईडी नाही, माणूस जातो."

पुढच्या रविवारी वरच्या खोलीला कुलूप होतं. बाईंनी वर्ग बंद केला होता. सगळ्यांनी समजूत घातली, मी पायाही पडलो. त्या बधल्या नाहीत. त्यांना दिसत नव्हतं म्हणून वर्ग मोडला नाही, मी बघितलं नाही म्हणून मोडला. हे मी आजवर कुणाजवळ बोललो नव्हतो.

दोन वर्षांनी त्यांच्याकडे गेलो. तेव्हा त्या बदलापूरला, कुळगावात, लेकीकडे राहत होत्या आणि दिसणं जवळजवळ संपलं होतं. मी बॅटरी, एलईडी आणि एक रेझिस्टर घेऊन गेलो होतो. का, ते मलाही नीट सांगता आलं नसतं. सामान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी रेझिस्टर चाचपला आणि माझ्यापुढे धरला.

"वाच."

मी तो खिडकीशी नेला. "नारंगी. नारंगी. तपकिरी."

"बघून सांगतोयस?"

"बघून, बाई."

रेझिस्टर चिमटीत घ्यायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. "मग जोड."