जिभेखालचा पडदा

काल नातीला डोस द्यायला नेलं, तिथं स्पिरिटचा वास आला आणि पडेगावचा एक छोटा दवाखाना आठवला. माझी सुमी तेव्हा महिन्याची होती. दूध प्यायला लागली की लगेच सोडून रडायची. माझ्या छातीला जखमा झाल्या होत्या, तिचं वजन वाढत नव्हतं. "तुला दूधच नाय," सासूबाई म्हणायच्या, आणि मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून पाजायला लावलं आणि शांतपणे बघत राहिल्या. मग सुमीच्या जिभेखाली बोट घालून म्हणाल्या, "दूध भरपूर आहे गं तुला. हिची जीभ खाली चिकटलीय, म्हणून हिला ओढता येत नाही."

जिभेखालचा पातळ पडदा त्यांनी कात्रीनं अलगद कापला. थेंबभर रक्त आलं, सुमी किंचाळली. "लगेच पाज," त्या म्हणाल्या.

सुमीनं घट्ट धरलं. घटाघटा गिळल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला आणि मला रडू फुटलं. सोबत आलेल्या सासूबाईंनी पदरानं माझे डोळे पुसले.

बाहेर पेशंट खोळंबले होते, तरी सुमी पिऊन झोपेपर्यंत बाई आमच्याजवळ बसून राहिल्या. तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं, केवढं मोठं मन होतं त्यांचं.